केव्हीएम आणि स्वतःचा एम्युलेटर: ‘इन’ नंतर ईएएक्समध्ये शून्यच का येतं?

बावधन_बायनरी

मांडणी आधी सांगतो. लिनक्स होस्ट, इंटेल प्रोसेसर, केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय). वर क्यूएमू (केव्हीएमसोबत नेहमी वापरला जाणारा तयार एम्युलेटर) नाही, सी मध्ये लिहिलेला छोटा एम्युलेटर आहे: एक व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर), चार-पाच पोर्ट, थोडं एमएमआयओ (मेमरीच्या पत्त्यांवरून उपकरणांशी बोलणं). इंटरप्ट कंट्रोलर (एपीक) कर्नलमधलाच. गेस्ट (आत चालणारी प्रणाली) ३२-बिट, सगळा रिंग ० मध्ये (प्रोसेसरच्या सर्वाधिक अधिकाराच्या पातळीवर).

एका पोर्टसाठी गेस्टची रजिस्टरं बघण्यावाचून गत्यंतर नाही. व्हीएमवेअरचा बॅकडोअर पोर्ट (गेस्टने एम्युलेटरशी थेट बोलायचा), हेक्स ५६५८. गेस्टची बाजू एवढीच (सगळे आकडे हेक्स):

१०००: मूव्ह ईएएक्स, ५६४डी५८६८
१००५: मूव्ह ईसीएक्स, ०ए
१००ए: मूव्ह डीएक्स, ५६५८
१००ई: इन ईएएक्स, डीएक्स
१००एफ: पुढचं काम

०ए म्हणजे ‘आवृत्ती सांग’. उत्तरात ईएएक्समध्ये ६ आणि ईबीएक्समध्ये ५६४डी५८६८ जायला हवं.

आधी दर एक्झिटला (गेस्ट थांबून ताबा एम्युलेटरकडे आला की) गेट_रेग्ज, गेट_एसरेग्ज (सेगमेंट आणि कंट्रोल रजिस्टरं), काम, सेट_रेग्ज, सेट_एसरेग्ज आणि मग केव्हीएम_रन असं चालायचं. एका एक्झिटमागे पाच सिस्कॉल. म्हणून केव्हीएम_कॅप_सिंक_रेग्ज (रजिस्टरं वाटलेल्या मेमरीतून द्यायची-घ्यायची सोय) वापरायला घेतलं. चेक_एक्स्टेन्शन ७ देतं, म्हणजे तिन्ही गट (रेग्ज, एसरेग्ज, इव्हेंट्स) आहेत. व्हॅलिड_रेग्ज (काय वाचायचं) = ३ आणि डर्टी_रेग्ज (काय बदललं) = ३ कायमचे लावून टाकले. आता अडचणी:

एक. ईबीएक्स बरोबर जातो, ईएएक्समध्ये मात्र ० येतं. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी लिहितो आहे.

दोन. एक्झिटला आरआयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) १००ई दिसतो, म्हणजे ‘इन’ वरच उभा. म्हणून हाताने १ मिळवला, तर ईएएक्ससुद्धा बरोबर येऊ लागला! तीच युक्ती डीबग पोर्टला (हेक्स ७ई, ‘आउट’, दोन बाइटची इन्स्ट्रक्शन, म्हणून २ मिळवले) लावली तर गेस्ट भरकटतो. डीबग पोर्ट ८० वर हलवला की सगळं ठीक. काहीच कळेना.

तीन. मॉनिटरसाठी वेगळा थ्रेड आहे, तो गेट_रेग्ज मागतो. गेस्ट एचएलटी मध्ये (इंटरप्टची वाट बघत थांबलेला) असला की हा थ्रेड अडकतो तो अडकतोच.

चार. वेग अपेक्षेइतका वाढलेला नाही.

पेठेतला_पेजफॉल्ट

एक आणि दोन हा एकच प्रश्न आहे. खाली ‘रन’ म्हटलं की केव्हीएम_रन हा आयऑक्टल (कर्नलला आज्ञा द्यायचा सिस्कॉल), ‘रन पान’ म्हटलं की एममॅप केलेलं स्ट्रक्चर, नाहीतर गोंधळ होईल.

पोर्टच्या एक्झिटला ‘इन’ ही इन्स्ट्रक्शन अर्धवट असते. कर्नलने तिला मध्येच थांबवून तुमच्याकडे डेटा मागितलेला असतो. ती पुरी होते पुढच्या रन मध्ये, आणि तिथला क्रम असा:

१. डर्टी_रेग्ज मध्ये बिट असतील तर रन पानावरची रजिस्टरं व्हीसीपीयूत भरली जातात.
२. मग अर्धवट राहिलेली आयओ पुरी केली जाते.
३. मग गेस्ट चालू होतो.

तुमचा ६ पहिल्या पायरीत आरएएक्समध्ये (ईएएक्सचं ६४-बिट रूप) पोचतो. दुसऱ्या पायरीत कर्नल आयओच्या डेटा बफरमधली किंमत उचलतो आणि आरएएक्सवर लिहितो. ते बफर तुम्ही भरलंच नाही, त्यात ० आहे. झालं. ईबीएक्सला दुसरी पायरी हात लावत नाही म्हणून तो टिकतो.

आणखी एक बारकावा. ४ बाइटच्या ‘इन’ ला वरचा भाग शून्य होतो, पण १ किंवा २ बाइटच्या ‘इन’ ला फक्त खालचे तेवढेच बाइट बदलतात, बाकीचे आरएएक्समध्ये असतील तसेच राहतात. म्हणजे छोट्या ‘इन’ च्या वेळी तुम्ही आरएएक्समध्ये काहीतरी लिहून ठेवलंत तर गेस्टला तुमचं अर्धं आणि बफरमधलं अर्धं अशी खिचडी मिळेल. ती शोधायला दिवस जातो.

आता आरआयपीची गंमत. आयओ पुरी करताना कर्नल आधी बघतो की एक्झिटच्या वेळचा आरआयपी (सीएस बेससह) अजून तोच आहे का. बदलला असेल तर तो समजतो की युजरस्पेसने व्हीसीपीयूची स्थितीच बदलली, उदाहरणार्थ रीसेट केला, आणि अर्धवट काम सोडून देतो. तुम्ही १ मिळवलात, कर्नलने दुसरी पायरी टाकून दिली, म्हणून तुमचा ६ वाचला. हे बरोबर चालणं नव्हे, चुकून चालणं आहे. ‘आयएनएस’ सारखी स्ट्रिंग इन्स्ट्रक्शन आली की कर्नल हा जलद रस्ता सोडून आपल्या इन्स्ट्रक्शन एम्युलेटरकडे जातो. त्याने पुढचा पत्ता डीकोड करतानाच काढून ठेवलेला असतो, तुमच्या बेरजेला तो विचारत नाही.

आणि ७ई. ‘आउट’ ला सुद्धा हल्लीचे कर्नल आरआयपी इन्स्ट्रक्शनवरच ठेवतात. अपवाद फक्त पोर्ट ७ई. जुन्या कर्नलमध्ये ‘आउट’ ला बाहेर येण्याआधीच आरआयपी पुढे जायचा, आणि क्यूएमूचा केव्हीएमव्हीएपीक (एपीकसंबंधीचा एक भाग) नेमका ७ई पोर्ट वापरतो आणि त्या जुन्या वागण्यावर विसंबून असतो. म्हणून कर्नलने त्या एका पोर्टपुरती जुनी सवय राखली आहे. तिचं नाव केव्हीएम_एक्स८६_क्वर्क_आउट_७ई_इंक_आरआयपी. तिथे आरआयपी आधीच २ ने पुढे आहे, तुम्ही आणखी २ मिळवता आणि पुढच्या इन्स्ट्रक्शनच्या पोटात जाऊन पडता. पोर्ट निवडताना जगातल्या ६५,५३६ पैकी बरोबर तोच मिळाला तुम्हाला.

ती सवय डिसेबल_क्वर्क्स२ ने बंद करता येते. पण खरा उपाय म्हणजे पोर्टच्या एक्झिटला आरआयपीला हात लावायचाच नाही. ‘इन’ चं उत्तर द्यायचं ते बफरमध्ये:

डेटा = (चार *)पान + पान->आयओ.डेटा_ऑफसेट;
किंमत = ६;
मेमसीपीवाय(डेटा, &किंमत, पान->आयओ.साइझ);
पान->एस.रेग्ज.रेग्ज.आरबीएक्स = ५६४डी५८६८ (हेक्स);
पान->केव्हीएम_डर्टी_रेग्ज = १;

तुमच्या एम्युलेटरमध्ये रजिस्टरांची स्वतःची वेगळी प्रत असेल तर त्या प्रतीतल्या ईएएक्समध्येही तीच किंमत ठेवा. क्यूएमूचा व्हीएमपोर्ट (याच बॅकडोअरचा तिथला कोड) हेच करतो: किंमत परतही देतो आणि स्वतःच्या ईएएक्समध्येही लिहितो.

डेटा_ऑफसेट व्यवहारात दुसऱ्या पानावर पडतो. तेव्हा एममॅप करताना स्ट्रक्चरच्या आकाराएवढंच मॅप करू नका. गेट_व्हीसीपीयू_एममॅप_साइझ जे सांगेल तेवढं करा. एक्स८६ वर साधारण तीन पानं, १२,२८८ बाइट.

एमएमआयओला आरआयपीबद्दल काहीही गृहीत धरू नका. वाचनाच्या एक्झिटला तो इन्स्ट्रक्शनवर असतो, लिखाणाच्या एक्झिटला पुढे गेलेला असू शकतो.

बाय द वे, इन्स्ट्रक्शन अर्धवट असताना युजरस्पेसने रजिस्टरं मागणं कर्नलवाल्यांना मुळातच पसंत नाही. गेट_रेग्ज च्या कोडमध्ये त्यावर शेरा आहे, आणि त्यात वाईट रचनेचं उपकरण म्हणून व्हीएमवेअर बॅकडोअरचंच नाव घेतलेलं आहे. तुमचा गेस्ट रिंग ० मध्ये आहे म्हणून निभावतंय. रिंग ३ मधून हा पोर्ट वापरणारा गेस्ट आला तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येईल, त्यासाठी केव्हीएम मोड्यूलचा एनेबल_व्हीएमवेअर_बॅकडोअर हा पॅरामीटर वेगळा आहे.

सिंहगड_सिस्कॉल

चौथ्या प्रश्नाबद्दल. डर्टी = ३ कायमचं लावून ठेवलंय तिथेच पाणी मुरतंय.

व्हॅलिड_रेग्ज आणि डर्टी_रेग्ज या दोघांचा स्वभाव वेगळा आहे. व्हॅलिड एकदा लावला की कर्नल तो पुसत नाही. दर एक्झिटला, तुम्ही बघा न बघा, तेवढे गट पानावर उतरवून ठेवतो. गुरुवारी पाणी नाही म्हणून बुधवारी रात्री टाकी भरायची, तसं. गुरुवारी पाणी आलं तरी टाकी भरलेलीच. डर्टीचे बिट मात्र कर्नल रजिस्टरं उचलली की स्वतः पुसतो. तुम्ही बदल केला त्याच वेळी, बदललेल्याच गटाचा बिट लावायचा.

आकार बघा म्हणजे अंदाज येईल. रेग्ज म्हणजे १८ रजिस्टरं, १४४ बाइट. एसरेग्ज ३१२ बाइट. इव्हेंट्स ६४. तिन्ही मिळून ५२०, आणि पानावर या भागासाठी २,०४८ बाइट राखलेले आहेत. प्रश्न बाइटांचा नाहीच. प्रश्न त्या बाइटांमागे कर्नलला काय काय करावं लागतं याचा आहे.

रेग्ज स्वस्त: बहुतेक सगळे आधीच कर्नलच्या मेमरीत पडलेले असतात. एसरेग्ज लिहायचे म्हणजे सीआर०, सीआर३, सीआर४, ईएफईआर, दोन डिस्क्रिप्टर टेबलं आणि आठ सेगमेंट. इंटेलवर एकेका सेगमेंटला सिलेक्टर, बेस, लिमिट, ॲक्सेस राइट्स अशी चार फील्डं, म्हणजे नुसत्या सेगमेंटपायी ३२ व्हीएमराइट (गेस्टच्या नोंदीत लिहायच्या इन्स्ट्रक्शन). शिवाय सगळ्याची वैधता तपासणी. कंट्रोल रजिस्टर खरंच बदललं असेल तर वर एमएमयू रीसेट. हे सगळं तुम्ही प्रत्येक एक्झिटला करताय, तेही काहीही न बदलता. तुमचा होस्ट स्वतःच एखाद्या क्लाउडच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर नेस्टेडमध्ये हे आणखी बोचतं.

म्हणून व्हॅलिड = १ ठेवा आणि डर्टी फक्त बॅकडोअरच्या एक्झिटला = १. एसरेग्ज क्वचित लागले तर त्या वेळी साधा गेट_एसरेग्ज मारा. क्वचितच्या कामाला जुना आयऑक्टल काही वाईट नाही.

दोन्ही फील्डमध्ये अनोळखी बिट लावला तर रन थेट ईआयएनव्हीएएल (अवैध मागणी) देतो, गेस्ट सुरूच होत नाही. चेक_एक्स्टेन्शनने दिलेल्या आकड्याशी आधी अँड करून घ्यायची सवय ठेवा.

आता तिसरा गट, इव्हेंट्स (पेंडिंग एक्सेप्शन, इंटरप्ट वगैरे). तुम्ही तो वापरत नाही आहात, पण कधीतरी वापराल आणि तेव्हा एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) हरवेल, म्हणून आत्ताच सांगतो. सेट_रेग्ज (आणि डर्टीचा रेग्ज बिटसुद्धा, आतून फंक्शन तेच) पेंडिंग एक्सेप्शन पुसून टाकतो. त्यामुळे एक्सेप्शन टिकवायचं किंवा घुसवायचं असेल तर इव्हेंट्स रेग्जच्या नंतर गेले पाहिजेत. सिंक_रेग्ज मध्ये कर्नल तोच क्रम पाळतो: रेग्ज, एसरेग्ज, इव्हेंट्स. वेगवेगळे आयऑक्टल मारत असाल तर क्रम तुम्ही सांभाळायचा.

त्यातही फ्लॅग्ज बघा. इव्हेंट्स वाचले की फ्लॅग्ज मध्ये एनएमआय_पेंडिंग आणि एसएमएम चे ‘वैध’ बिट लावूनच मिळतात. तेच स्ट्रक्चर एक फील्ड बदलून जसंच्या तसं परत दिलंत, आणि मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने एनएमआय पाठवला असला, तर तुमच्या शिळ्या ० ने तो पुसला जाईल. परत देण्याआधी हे बिट उतरवा, म्हणजे कर्नल त्या फील्डांना हात लावत नाही. क्यूएमू सुद्धा चालू गेस्टमध्ये एनएमआय_पेंडिंगचा बिट लावत नाही, फक्त रीसेट किंवा पूर्ण स्थिती भरताना लावतो.

सीआर८ (इंटरप्टच्या प्राधान्याचं रजिस्टर) चं एक. एपीक कर्नलमध्ये नसेल, तुमच्याकडे युजरस्पेसमध्ये असेल, तर रन पानावर सीआर८ दोन ठिकाणी असतो: एक एसरेग्ज मध्ये, एक पानाच्या सुरुवातीच्या भागात सुटा. कर्नल आधी डर्टी एसरेग्ज उचलतो आणि त्यानंतर सुटा सीआर८ लावतो. जिंकतो सुटा. तुमचा एपीक कर्नलमध्ये आहे, तुम्हाला हे लागू नाही.

आणि सिंक_रेग्ज म्हणजे अख्खा प्रोसेसर नव्हे. एक्ससेव्ह, एमएसआर (प्रोसेसरची खास रजिस्टरं), डीबग रजिस्टरं, एक्ससीआर, लॅपिक, एमपी_स्टेट यातलं काहीच त्यात नाही. त्यांना आयऑक्टलच.

मुळामुठा_म्यूटेक्स

तिसरा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून.

व्हीसीपीयूचे जवळपास सगळे आयऑक्टल एकाच कुलपातून जातात, आणि रन आत असेपर्यंत ते कुलूप रन कडे असतं. कर्नलमधला एपीक असताना एचएलटी बाहेर येतच नाही, गेस्ट कर्नलच्या आतच झोपतो. तुमचा मॉनिटर थ्रेड त्या कुलपापाशी उभा. गेस्टला इंटरप्ट आला तरी रन बाहेर येईलच असं नाही, त्यामुळे मॉनिटर कितीही वेळ उभा राहील.

मग सिंक_रेग्ज मुळे पानावर रजिस्टरं दिसतात तर तिथून वाचू, असं डोक्यात येईल. वाचू नका. रन चालू असताना पानावर मागच्या एक्झिटचं शिळं चित्र असतं, आणि तुम्ही वाचता वाचता ते अर्ध्यावर बदलू शकतं. उलट दिशेची भानगडही कर्नलला भोवलेली आहे: पान युजरस्पेसला लिहिता येतं, म्हणून कर्नलने एसरेग्ज आणि इव्हेंट्स तपासल्यानंतर आणि वापरण्याआधी दुसरा थ्रेड ते बदलू शकत होता. २०२३ मध्ये ते दुरुस्त झालं, आता कर्नल आधी आपली प्रत काढतो आणि मग तपासतो.

नियम साधा ठेवा. व्हीसीपीयूची रजिस्टरं त्याच्या स्वतःच्या थ्रेडनेच वाचायची. दुसऱ्याला हवी असतील तर त्याने निरोप ठेवायचा आणि व्हीसीपीयूच्या थ्रेडला बाहेर काढायचं. बाहेर काढायची रीत:

मागणी रांगेत टाका. पान->इमिजिएट_एक्झिट = १ करा. मग त्या थ्रेडला पीथ्रेड_किल ने सिग्नल द्या. रन मायनस वन आणि ईआयएनटीआर (मध्येच अडवलं) घेऊन परत येतो. व्हीसीपीयू थ्रेड इमिजिएट_एक्झिट ० करतो, मग रांग बघतो, रजिस्टरं देतो, पुन्हा रन. हा क्रम उलटा केलात, म्हणजे रांग आधी आणि ० नंतर, तर मध्ये आलेली मागणी झोपून राहील.

नुसता सिग्नल पुरत नाही. थ्रेडने रांग रिकामी असल्याचं बघितलं, अजून रन मध्ये शिरायचा आहे, आणि नेमका त्या फटीत सिग्नल आला तर रिकामा हँडलर चालून संपतो आणि थ्रेड खुशाल रन मध्ये जाऊन झोपतो. इमिजिएट_एक्झिट त्यासाठीच आहे. तो लावलेला असला की रन गेस्ट चालू न करताच परत येतो.

ईआयएनटीआर आला की एक्झिट_रीझन बघायचंच नाही. जुन्या कर्नलवर तिथे मागच्या एक्झिटचं कारण तसंच पडलेलं असू शकतं. ते बघून तुम्ही तोच ‘आउट’ दुसऱ्यांदा चालवाल, आणि सिरियल पोर्टवर एखादं अक्षर दोनदा उमटेल. तेही हजारात एकदा.

याच इमिजिएट_एक्झिटचा दुसरा उपयोग. वर पेजफॉल्टने सांगितलं की पोर्टच्या एक्झिटला इन्स्ट्रक्शन अर्धवट असते. स्नॅपशॉट घ्यायचा असेल तर अशा अवस्थेत घेऊ नका, कारण ‘अर्धवट काम बाकी आहे’ ही गोष्ट कुठल्याच रजिस्टरात दिसत नाही. बफर भरा, इमिजिएट_एक्झिट = १ करून रन मारा. कर्नल आयओ पुरी करतो, गेस्टची पुढची एकही इन्स्ट्रक्शन चालवत नाही, ईआयएनटीआर देतो, आणि जाता जाता व्हॅलिडचे गट पानावर ताजे उतरवतो. आता आरआयपी १००एफ दिसेल. मात्र एकदा मारून भागेल असं समजू नका. मोठं किंवा पानाची हद्द ओलांडणारं एमएमआयओ तुकड्यांत येतं, एका तुकड्यात जास्तीत जास्त ८ बाइट. पहिला तुकडा पुरा केला की ईआयएनटीआर ऐवजी पुढच्या तुकड्याची एक्झिट येते. ईआयएनटीआर मिळेपर्यंत फिरत राहा.

बावधन_बायनरी

बफरमध्ये ६ भरला, आरआयपीची बेरीज काढून टाकली, व्हॅलिड = १, डर्टी गरजेपुरता. ईएएक्समध्ये ६, ईबीएक्समध्ये जादूचा आकडा, आणि डीबग पोर्ट पुन्हा ७ई वर नेला तरी गेस्ट सरळ चालतोय. मॉनिटरही सुटला.

आता दोन उपप्रश्न. क्यूएमू हे कसं करतो, तिथेही सिंक_रेग्ज आहे का? आणि हाच एम्युलेटर झेनखाली (दुसरा हायपरवायझर) न्यायचा झाला तर रन पानासारखं काही मिळेल का?

लोहगाव_लोडर

क्यूएमू एस३९० (आयबीएमचे मेनफ्रेम) वर सिंक_रेग्ज वापरतो. मुळात ही सोय एस३९० साठीच आली, २०१२ मध्ये, कारण तिथे जवळपास प्रत्येक एक्झिटला रजिस्टरं लागतात. एक्स८६ ला कर्नलने ती २०१८ मध्ये दिली, पण एक्स८६ वरच्या क्यूएमूचं त्यावाचून अडत नाही. बहुतेक एक्झिटला त्याला रजिस्टरं लागतच नाहीत. पोर्ट, पत्ता, डेटा, आकार एवढं रन पानावर असतंच. रन संपल्यावर तो पानावरून फक्त इफ_फ्लॅग, सीआर८, एपीक_बेस असल्या सुट्या गोष्टी उचलतो.

रजिस्टरं लागलीच तर सीपीयू_सिंक्रोनाइझ_स्टेट. त्यामागे एकच झेंडा आहे, व्हीसीपीयू_डर्टी. खाली असेल तर खरी प्रत कर्नलकडे, वर असेल तर खरी प्रत क्यूएमूकडे. सिंक्रोनाइझ केलं की सगळी स्थिती वर ओढली जाते, झेंडा वर जातो, आणि पुढच्या रनआधी सगळी परत खाली ढकलली जाते.

यातली मेख: नुसतं वाचलंत तरी झेंडा वर जातो. ‘मी काही बदललं नाही’ असं सांगायची सोय नाही. एक ईएएक्स बघायला रेग्ज, एसरेग्ज, एक्ससेव्ह, एमएसआरची यादी, इव्हेंट्स, डीबग रजिस्टरं असा अख्खा संसार वर आणि खाली. तुझ्या पाच सिस्कॉलपेक्षा हे महाग. तरीही तुझा एम्युलेटर वाढत गेला तर हीच रचना घे, कारण खरी प्रत कोणाकडे आहे हा प्रश्न तिच्यात कधीच उरत नाही. फक्त झेंडे दोन कर: ‘वाचलंय’ आणि ‘बदललंय’. छोट्या एम्युलेटरला ते सहज जमतं.

परत ढकलताना क्यूएमूचे तीन स्तर आहेत: १ चालू गेस्ट, २ रीसेट, ३ पूर्ण (मायग्रेशननंतर वगैरे). टीएससी (प्रोसेसरचा वेळमोजक) आणि केव्हीएमक्लॉकचे एमएसआर स्तर १ ला लिहिले जात नाहीत. वाचल्यापासून लिहीपर्यंतचा वेळ टीएससीत मागे पडतो, दर सिंकला असं झालं तर गेस्टचं घड्याळ घसरत राहील. तू एमएसआर हाताळायला लागलास की हे लक्षात ठेव. ‘सगळं वाचा, सगळं लिहा’ हे टीएससीला चालत नाही.

औंध_आउटपोर्ट

झेनचं वेगळं आहे. तिथे एम्युलेटरकडे व्हीसीपीयूचा थ्रेडच नाही. हायपरवायझर आणि एम्युलेटर यांच्यात एक पान वाटून घेतलेलं असतं, त्यात दर व्हीसीपीयूला एक आयओरेक्वेस्ट, ३२ बाइटची, म्हणजे ४,०९६ बाइटच्या पानात १२८ मावतात. पत्ता, डेटा, काउंट, आकार, दिशा, प्रकार आणि अवस्था. रजिस्टरं त्यात नाहीत. इव्हेंट चॅनलवर टकटक होते, एम्युलेटर उठतो, काम करतो, परत टकटक करतो.

अवस्था चार: ० काही नाही, १ मागणी तयार, २ काम चालू, ३ उत्तर तयार. केव्हीएममध्ये तोच थ्रेड सिस्कॉलने आत-बाहेर करतो, त्यामुळे बॅरियरची (वाचन-लिखाणाचा क्रम पक्का करणारी आज्ञा) काळजी नव्हती. इथे समोरचा दुसऱ्या कोअरवर असू शकतो. अवस्था १ दिसली की रीड बॅरियर, मग बाकीची फील्डं वाचायची. उत्तर लिहून झालं की राइट बॅरियर, मग अवस्था ३. एक्स८६ वर प्रोसेसर लिखाणांचा क्रम सहसा मोडत नाही, पण कंपायलर मोडू शकतो. ओ० (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद) वर चालतं आणि ओ२ (चालू) वर बिघडतं ते यामुळेच.

तुझा बॅकडोअर या ३२ बाइटांत बसत नाही, कारण ईएएक्स डेटामध्ये गेला तरी बाकीची पाच रजिस्टरं उरतात. क्यूएमूच्या झेनकडच्या कोडमध्ये त्यासाठी दुसरं वाटलेलं पान धरलेलं आहे. दर व्हीसीपीयूला ईएसआय, ईडीआय, ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स, ३२ बिटचे पाच, म्हणजे २० बाइट. मागणीचा प्रकारही वेगळा, क्रमांक ३. ती आली की क्यूएमू या वीस बाइटांवरून आणि डेटावरून आपल्या सीपीयूची रजिस्टरं भरतो, व्हीएमपोर्टचा तोच नेहमीचा कोड चालवतो, आणि तीच पाच परत पानावर लिहितो. फक्त ३२ बिट, वरचा अर्धा भाग जातच नाही, आणि आरआयपी तर नाहीच नाही. आरआयपीत हात घालायचा मोह होण्याचा प्रश्नच मिटला.

त्या दुसऱ्या पानावर विसंबण्याआधी तुझ्या झेनच्या हेडरमध्ये एचव्हीएम_पॅरम_व्हीएमपोर्ट_रेग्ज_पीएफएन आहे का ते बघ. क्यूएमू सुद्धा ते पान मिळालं तरच मॅप करतो, नाही मिळालं तर त्यावाचून चालतो.

पेठेतला_पेजफॉल्ट

एक राहिलं. गेस्ट एसईव्ही-ईएस (गेस्टची स्थिती कूटबद्ध ठेवणारी एएमडीची सोय) वर न्यायचा विचार असेल तर या धाग्यातलं बरंचसं लागू होणार नाही. तिथे रजिस्टरं कूटबद्ध असतात, केव्हीएमलाच दिसत नाहीत, व्हॅलिड लावलात तरी पानावर काही उतरत नाही. पोर्टचा डेटा गेस्ट स्वतःहून एका वाटलेल्या पानावर ठेवतो तेवढाच. बॅकडोअरसारखं उपकरण तिथे चालवायचं तर कुठली रजिस्टरं उघड करायची ते गेस्टच्या बाजूनेच ठरतं.

आणि बदल केल्यावर तपासायला नवं काही लिहायची गरज नाही. कर्नलच्या झाडात टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स/केव्हीएम मध्ये सिंक_रेग्ज_टेस्ट आहे. चुकीचे बिट, व्हॅलिड ० असताना पान न बदलणं, डर्टी न लावता केलेला बदल गेस्टला न दिसणं, सगळं त्यात आहे. तुमच्या होस्टवर आधी तो चालवा. तो पास होत असेल आणि तुमचा कोड नाही, तर शनिवारी कर्वे रस्त्याला येताना लॅपटॉप आणि पर्फ केव्हीएम स्टॅट (एक्झिटांची मोजदाद करणारं साधन) चं रेकॉर्डिंग घेऊन या. नुसतं तोंडी ‘चालत नाही’ नको.